चेहऱ्यावर चेहरा

हे वाचून मला कोणी वेडी म्हणेल. म्हणू दे. भुताखेताच्या गोष्टी मीही मिटक्या मारत वाचायचे आणि खाली कमेंटमध्ये 'काहीही!' असं लिहून मोकळी व्हायचे. आता माझीच पाळी आलीये.

यात रात्र नाही, स्मशान नाही. जे झालं ते एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत झालं. वादळानंतरच्या आठव्या दिवशी, भर दुपारी साडेतीन वाजता.

स्टुडिओ माझ्या दादाचा. सख्खा भाऊ, पण कामाच्या बाबतीत सावत्रासारखा वागतो.

वादळात घराघरांत पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर लोकांनी गाद्या फेकल्या, कपाटं फेकली. फोटो मात्र कोणाला फेकवत नाहीत. चिखलाने माखलेले अल्बम घेऊन रांग लागली आमच्याकडे. माझं स्वतःचं घरही भिजलं होतं, त्यामुळे आमचे फोटोही त्याच ढिगात होते.

काम दिसायला सोपं. चिकटलेले फोटो गार पाण्याच्या ट्रेमध्ये सोडायचे. आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. मग चिखल बोटाने अलगद सारायचा आणि फोटो दोरीवर चिमट्याने टांगायचा. ओल्या फोटोचा रंग दुधावरच्या सायीसारखा असतो, बोट जरा जोरात लागलं की निघून येतो.

दादाचा नियम एकच होता.

"ओला फोटो कायम उताणा ठेवायचा. चेहऱ्यावर चेहरा आला की एकाचा दुसऱ्याला जातो. मग बस बोंबलत."

त्या दिवशी दादा परगावी गेला होता. दुपारी शिवणवाल्या बाई आल्या. गल्लीत सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. चष्मा पाण्यात गेलेला, त्यामुळे डोळे बारीक करून बघत होत्या. पदराखालून त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी काढली.

आत एकच फोटो होता. सहा वर्षांची मुलगी, अंगात पिवळा फ्रॉक.

"पोर माझी पाण्यात गेली," बाई म्हणाल्या. "सापडली नाही. एवढंच राहिलंय हो. चेहरा तेवढा जपा, बाकी गेलं तरी चालेल."

मी फोटो ट्रेमध्ये सोडला. धुतला. बाहेर काढला आणि तेवढ्यात बिट्टीच्या शाळेतून फोन आला. बिट्टी माझी मुलगी, तीही सहाच वर्षांची. पडली होती, गुडघा फुटला होता. तिचे बाबा नोकरीसाठी लांब, म्हणजे धावायचं मीच.

चिमटा सापडेना. मी फोटो टेबलावर टाकला आणि पळाले.

उपडा टाकला. खाली काय आहे ते बघितलंसुद्धा नाही.

दोन तासांनी परत आले तेव्हा तो वाळून चिकटला होता. खाली बिट्टीचा फोटो होता, आमच्याच अल्बममधला. पुन्हा पाण्यात टाकून थांबायला हवं होतं. पण धीर कुठला? मी ओढला.

चर्र...

पिवळा फ्रॉक तसाच होता. गळ्याच्या वर नुसतं पांढरं.

बिट्टीच्या तोंडावर मात्र एक तपकिरी डाग उतरला होता. त्याला ना डोळे, ना नाक.

सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. खरं बोलायचं तर बाईंची दया कमी आणि दादाची भीती जास्त होती. मी त्या मुलीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. हाताने धुतला होता मी, तरी आठवेना.

मग मी कॉम्प्युटरवर बिट्टीचा दुसरा एक फोटो घेतला, तिचा चेहरा त्या पिवळ्या फ्रॉकवर बसवला आणि जुनाट दिसेल असा छापला. त्या वयाच्या पोरी सारख्याच दिसतात, अशी स्वतःची समजूत घातली. शिवाय बाईंना चष्मा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि बघत राहिल्या. खूप वेळ...

"खळी पडलीये गालाला," त्या म्हणाल्या.

बिट्टीची खळी पुसायची मी विसरले होते. पण बाई हसल्या, फोटो पदराखाली घेतला आणि गेल्या. सुटले एकदाची, असं वाटलं मला.

चार दिवसांनी बिट्टी चित्र रंगवत बसली होती. एकदम तिने मान वर केली.

"आले गं!"

"कोणाला म्हणतेस?"

"आई बोलावतेय."

"अगं, मी इथेच आहे ना!"

तिने माझ्याकडे बघितलं.

"तू नाही."

मी हसण्यावारी नेलं. पोरं काहीही बडबडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पण या वेळी ती उठून दारापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत. मी घड्याळ बघायला लागले. रोज एकच वेळ असायची.

सव्वासहा.

त्याच आठवड्यात दादाने घरी एक पुडकं आणलं. "शिवणवाल्या बाईंनी दिलंय, 'ताईंच्या मुलीसाठी' म्हणाल्या. काय गं, एवढं काय काम केलंस त्यांचं?"

मला मुलगी आहे हे मी बाईंना कधीच सांगितलं नव्हतं.

आत पिवळा फ्रॉक होता, कोरा. बिट्टी अंगाने बारीक, तयार कपडा तिला कधी नीट बसत नाही. हा बसला. खांद्यात, बगलेत, कमरेत, कुठे एक सूत इकडे तिकडे नाही. माप कोणी घेतलं होतं?

फ्रॉकची किनार ओली होती. कडक उन्हात तीनदा वाळत घातला, इस्त्री फिरवली. किनार ओलीच...

आता मात्र मी हादरले. बिट्टीला दादाजवळ सोडलं, दाराला आतून कुलूप घालायला सांगितलं आणि बाईंचं घर गाठलं.

एकच खोली होती. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पाण्याची रेघ. बाई गंजलेलं शिलाई मशीन पुसून तेल घालत होत्या. डोळ्यांवर नवा चष्मा होता. समोर भिंतीवर तो फोटो.

मी त्यांचे पाय धरले. सगळं कबूल केलं. रडले.

त्यांचा हात थांबला नाही.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चष्मा गेला म्हणून आईपण गेलं का? माझ्या पोरीला खळी नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोललात?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"तो फोटो द्या ना मला परत," मी म्हटलं. "हात जोडते."

"दिलेलं परत मागतात होय? मी एक चेहरा तुमच्या हातात दिला होता. तुम्ही मला एक दिलात. झाली फिटंफाट."

मी झेप घेऊन फोटो भिंतीवरून ओढला. फाडणारच होते. पण फाडायचं काय? चेहरा तर बिट्टीचा होता. बाईंनी फोटो शांतपणे माझ्या हातातून काढून घेतला, पदराने पुसला आणि घड्याळाकडे बघितलं.

मग त्या फोटोला म्हणाल्या, अगदी मायेने...

"ये गं बाळा. किती वेळ खेळायचं दुसऱ्यांच्या घरी?"

माझा फोन वाजला. दादा होता. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"लवकर ये. बिट्टी दार बडवतेय. हात सोलवटलेत तिचे, पण थांबत नाहीये. नुसती 'आले, आले' करतेय."

याला पाच महिने झाले. आम्ही ते गाव सोडलं. डॉक्टर झाले, बाकीचेही सगळे उपाय झाले. काय झालंय ते कोणालाच सांगता आलं नाही. मी केलं ते चूक होतं, हे मला मान्य आहे. पण शिक्षा मला हवी होती, तिला का?

तो डाग पडलेला फोटो माझ्या कपाटात आहे. गेल्या महिन्यात बघितला. डागाला डोळे आलेत...

आणि बिट्टी हसली की आता खळी पडत नाही.

हे लिहीपर्यंत सहा वाजून गेले. दाराला कुलूप आहे, किल्ली माझ्या मुठीत आहे. ती पिवळा फ्रॉक घालून दारापाशी बसलीये, शहाण्या मुलीसारखी. हल्ली दार बडवत नाही, रडत नाही.

मघाशी तिने फक्त विचारलं,

"काकू, मी आता घरी जाऊ?"