शिवांजलीच्या हातची गाडी

मी हे लिहितेय तेव्हा मुकुल आतल्या खोलीत झोपलाय. तो उठायच्या आत मला हे लिहून संपवायचं आहे.

यात पदरचं काही घातलेलं नाही. उलट दोन-तीन गोष्टी लिहवत नाहीत, म्हणून सोडल्यात.

गेल्या वर्षीची अविधवा नवमी. तासगावच्या बाहेर आमची बेदाण्याची शेड आहे, तिला लागूनच घर. तिथं घडलं.

आणि रात्र नव्हती...

लख्ख दुपार होती.

मी अक्षता. माहेर वडूजचं. घरात माझे मिस्टर उदयसिंह, सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, आणि आमचा मुकुल. तेव्हा त्याला नुकती तीन वर्षं पूर्ण झाली होती.

आणि शिवांजली.

ती यांची पहिली बायको. लग्नाला दोन वर्षं होतायत तोवर तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय.

मुकुल हे नाव यांनी सुचवलं होतं. मला इतकं आवडलं की मी दुसरं शोधलंच नाही. बारसं झाल्यावर कळलं... ते नाव तिनं ठरवून ठेवलेलं होतं.

यांना रिमोटच्या गाड्यांचा नाद. जत्रेत मिळतात तसल्या नव्हेत. हातभर लांब, जाड चाकांच्या, मातीत उड्या मारणाऱ्या. हंगाम संपला की शेडपुढचं अंगण मोकळं असतं. रविवारी सातारा-सांगलीचे दोस्त येतात आणि म्हातारे होईपर्यंत पोरंच राहायचं असल्यासारखे खेळतात.

गाडी आपटली की वरची प्लास्टिकची बॉडी तडकते. मग ती आतून जोडायची. पीओपीवाले भेगेवर लावतात ती जाळीची पट्टी चिरेवर ठेवायची आणि वरून बुटाच्या तळव्याला लावतात तसला गोंद पसरायचा. हा गोंद वाळला तरी कडक होत नाही, रबरासारखा राहतो. पुढच्या वेळी गाडी आपटली तर वाकते, तुटत नाही. गोंद पसरायचा बोटानंच. साबणाच्या पाण्यात बोट बुडवत राहायचं, म्हणजे ते चिकटत नाही.

हे काम शिवांजली करायची.

शेडमधल्या फळीवर एक लाल गाडी होती. तिची बॉडी आतून पूर्ण तिनं मढवलेली. नवीकोरी असतानाच, तुटू नये म्हणून. उलटी करून उजेडात धरली की त्या गोंदात अंगठ्याचे ठसे दिसायचे. प्रत्येक ठशावर एक आडवी रेघ. द्राक्षाची विरळणी करताना तिच्या उजव्या अंगठ्याला कात्री लागली होती, त्या जखमेचा वण.

ती गेल्यावर ही गाडी यांनी पळवलीच नाही. रविवार आला की फक्त पुसून ठेवायचे.

साताऱ्याचे तानाजी भावोजी एकदा मला म्हणाले, "वैनी, समद्या गाड्या इकडच्या तिकडं करा, पर ह्या लालीला हात लावू नका बरं का. वैनींच्या हातची हाय!"

मग जीभ चावली.

मी हसत म्हटलं, "कुठल्या वैनींच्या, भावोजी?"

सगळे हसले. हे नाही हसले.

मी यांना म्हटलं होतं, मलाही शिकवा की ते गोंदाचं. तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुला वास सोसायचा न्हाई."

तिला सोसायचा.

गेलेल्या बाईचा मत्सर करू नये म्हणतात. करू नये म्हणजे कसं थांबवायचं, ते कुणी सांगत नाही.

नवमीच्या सकाळी मुकुलनं हट्टच धरला. "लाल गाडी! लाल गाडी!" मला वाटलं हे रागावतील. यांनी गाडी काढली. बॅटरी घातली. रिमोट त्याच्या हातात दिला.

गाडी सुसाट गेली आणि शेडच्या लोखंडी खांबावर आपटली.

कट्...

पुढचा कोपरा तडकला. चीर थेट तिच्या गोंदातून, एका अंगठ्याच्या मधोमध गेली होती.

हे खाली बसले. गाडी मांडीवर घेऊन बसून राहिले.

मी म्हटलं, "द्या इकडं. मी चिकटवते."

"नको."

"अहो, पट्टी ठेवून गोंदच लावायचाय ना?"

"नको म्हटलं ना, अक्षता. आल्यावर बघतो मी."

गाडी शेडमध्ये ठेवली, बाहेरून कडी घातली आणि सांगलीला गेले.

अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. आमच्याकडं दरवर्षी शेजारची मयूरी यायची. त्या दिवशी ताट वाढून झालं आणि तिचा फोन आला, माहेरी सुतक पडलंय, येता येणार नाही.

आत्या डोक्याला हात लावून बसल्या. "आता गं? भरल्या ताटाला कुणाला हुडकू? घरच्या सुनंला बसवत न्हाईत, पर..." माझ्याकडं बघितलं. "तूच बस. आजच्या दिवस तू शिवांजली."

शिवांजलीची हिरवी इरकल त्यांनी ट्रंकेतून काढली. मी नेसले. काय करणार? त्यांनी मला कुंकू लावलं, ओटी भरली आणि वाकून नमस्कार केला. सासूनं सुनेला. तो मला नव्हता, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

मुकुल बाहेरच्या दारातून बघत होता.

मी हात पुढं केला. "ये बाळा, घास घे."

तो आला नाही.

"आई कुठाय?" म्हणाला.

आत्या हसल्या. "आरं खुळ्या, ही काय!"

तो माझ्याकडं बघतच नव्हता. माझ्या मागं, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होता...

आणि मग हसला. कुणी ओळखीचं दिसल्यावर हसतो तसा.

मी मागं वळले. दार रिकामं होतं.

जेवणानंतर आत्या मुकुलला घेऊन आडव्या झाल्या. मी साडीसुद्धा न बदलता शेडकडं निघाले. ठरवलंच होतं. ती चीर मी जोडणार. त्या गाडीत एक तरी ठसा माझा असणार.

कडी बाहेरून घातलेली होती. मीच काढली.

दार उघडलं आणि वास आला...

गोंदाचा. चांभाराच्या टपरीपाशी येतो तसा. ताजा.

बेदाणा वाळवायच्या रिकाम्या जाळ्या ओळीनं उभ्या होत्या. कुठं काही हलत नव्हतं. बाहेर एक कावळा ओरडत होता, मी आत पाऊल टाकलं आणि तोही गप्प झाला.

गाडी फळीवर उलटी ठेवलेली होती.

चीर जुळवलेली. वर जाळीची पट्टी. पट्टीवर गोंद...

ओला.

शेजारी वाटीत पाणी होतं. त्यावर साबणाचा फेस अजून फुटत होता.

मी वाकून बघितलं. ठशामागं ठसा, शेवटपर्यंत. प्रत्येक ठशावर आडवी रेघ.

त्या क्षणी मला भीती वाटली नाही, खरं सांगते. राग आला. एवढंही मला करू दिलं नाहीस? तेवढंच मनात आलं.

तेवढ्यात घराकडून मुकुलचं रडणं ऐकू आलं. पडल्याचं रडणं. आईला ते लांबूनही कळतं. मी पळाले.

अर्ध्या अंगणात होते...

आणि रडणं थांबलं.

हळूहळू नाही. एकदम. कुणीतरी उचलून घेतल्यावर थांबतं, तसं.

मुकुल पायरीवर बसला होता. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. आत्या आत घोरत होत्या. पायरीच्या कडेला रक्ताचे थेंब होते.

मी त्याचा गुडघा बघितला.

जखम होती. तिच्यावर पारदर्शक, चकचकीत थर होता. तो पाय हलवायचा तसा थर वाकायचा, सुटत नव्हता.

त्यात एक अंगठा उमटलेला होता. आडव्या रेघेचा.

"बाळा... हे कुणी लावलं?"

"आईनं."

"आई मी आहे ना रे, सोन्या?"

त्यानं माझ्या साडीकडं बघितलं. मान हलवली. "तू आज ती ना? आज्जी म्हणाली."

मी तिथंच, अंगणात, ती साडी सोडून फेकली. परकरावर उभी राहिले. मग तो माझ्याकडं आला. पण आधी त्यानं मागं वळून बघितलं. जाऊ का, असं विचारल्यासारखं.

संध्याकाळी हे आले. मी त्यांना गाडी दाखवली, गुडघा दाखवला. त्यांनी मुकुलला मांडीवर घेतलं आणि त्या ठशावर आपला अंगठा ठेवला. कितीतरी वेळ.

ते घाबरले असते तर मी त्यांच्या कुशीत शिरले असते.

ते घाबरले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते हसत होते.

माझ्याकडं बघून ते तसं कधी हसलेले नाहीत.

तो थर डॉक्टरांनाही काढता आला नाही. ते म्हणाले, आपोआप सुटेल. पुढं एका अंघोळीत सुटला. खाली वणसुद्धा नव्हता.

या वर्षी आत्यांनी तीन सवाष्णी सांगून ठेवल्यात. एखादी चुकली तरी अडायला नको म्हणून. इरकल आम्ही औंधला, यमाईदेवीला देऊन आलो. लाल गाडी मात्र फळीवरच आहे. तीही देऊन टाका म्हणायची माझी हिंमत होत नाही. नाही म्हणाले तर?

आणि एक गोष्ट आत्यांनाही सांगितलेली नाही.

त्या दिवसापासून मुकुल पडला, रडला, की मी धावते. हातातलं टाकून धावते. पण मी पोचायच्या आधी...

थांबा. तो उठला वाटतं.

हो, रडतोय. आलेच मी, बाळा...

थांबला.

मी अजून खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.