पंधराव्या खुर्चीचा पार्ट

दादाच्या बँडमध्ये चौदा माणसं होती. हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण त्या सगळ्यांचे पार्ट मी लिहीत असे.

माझी नोकरी नकाशांच्या कचेरीतली. दिवसभर नद्या, बांध आणि उंचीच्या रेषा काढायच्या. कचेरी सुटली की दादाचा मोठा कागद समोर घ्यायचा. त्यावर चौदा वाद्यांच्या ओळी एकाखाली एक पेन्सिलीनं खरडलेल्या असत. त्यातून एकेकाची ओळ वेगळी काढून काळ्या शाईनं स्वच्छ लिहायची, म्हणजे वाजवणाऱ्याला आपापलं तेवढंच समोर ठेवता येतं. "मी लिहितो ते मलासुद्धा नंतर वाचता येत नाही," दादा चारचौघांत सांगायचा, "माझ्या बहिणीला मात्र वाचता येतं. बँड तिचा आहे, मी नुसता हात हलवतो."

आम्ही दोघंच भावंडं. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. एकोणिसाव्या वर्षी हॉटेलच्या नाचघरात ट्रम्पेट वाजवायला लागला आणि सव्विसाव्या वर्षी जिन्यावरून पडून समोरचे दोन दात घालवून बसला. दात गेले म्हणजे ट्रम्पेट गेला. आई रडरड रडली. दादानं आठवडाभर पेज पिऊन काढला, मग मला म्हणाला, "तुझ्या कचेरीत रेघा मारायची पट्टी असते ना? आण बघू." तेव्हापासून तो लिहायलाच बसला. तीन वर्षांत त्यानं स्वतःचा जॅझ बँड उभा केला, आणि पुढे एकोणीस वर्षं दर गुरुवारी दुपारी अर्धा तास रेडिओवर तो बँड लागायचा. शिंप्याच्या दुकानात, सलूनमध्ये लोक हातातलं काम थांबवून ऐकायचे.

दादा वाद्यासाठी कधी लिहायचा नाही. ओळीच्या सुरुवातीला समासात तो वाजवणाऱ्याचं टोपणनाव लिही. ट्रम्पेटवाला हवालदार, ड्रमवाला भूकंप, डबल बास वाजवणारा कपाट. पियानोवर वहिनी; तिच्या ओळीपुढे नुसतं 'ही' असं लिहिलेलं असे. "क्लॅरिनेटसाठी कसं लिहायचं?" तो म्हणायचा. "क्लॅरिनेटला काय दम लागतो? दम माणसाला लागतो. कुणाचा दम किती, हे कळलं की निम्मं काम झालं."

बँडच्या सातव्या वर्षी एका रविवारी सकाळी मी नवीन कागद उलगडला, तर त्यावर पंधरा ओळी होत्या.

पंधरावी क्लॅरिनेटची होती. समासात नाव नव्हतं. सबंध गाण्यात मिळून चार स्वर, लांब लांब, अगदी सोपे.

"दादा, ही ओळ कुणाची?"

तो दाढी करत होता. आरशातूनच त्यानं पाहिलं. "ती लागते."

"पण वाजवणार कोण?"

"ते मला माहीत नाही गं." साबण लावलेला गाल त्यानं हातानं चोळला. "लिहिताना मला पंधरा जण ऐकू येतात. चौदाच लिहिले की लंगडल्यासारखं वाटतं. तू लिहून ठेव, तुझं काय जातंय?"

मी लिहून ठेवलं. दादाचे हट्ट पुरवायची मला सवय होती.

बँडची तालीम फर्निचरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये व्हायची. खालून सतत पॉलिशचा वास यायचा आणि रंधा चालल्याचा आवाज. हॉलच्या मागच्या बाजूला एक जाड खांब होता. वहिनीनं रखवालदाराला सांगून त्या खांबाशी पंधरावी खुर्ची आणि स्टँड ठेवायला लावला. मी त्यावर तो पार्ट ठेवला. तालीम झाली. काहीच झालं नाही.

मग दोनेक महिन्यांनी रखवालदार माझ्याकडे आला. "ताई, मी सगळे स्टँड एका उंचीला लावतो. तालीम झाल्यावर बघतो तर खांबाजवळचा खाली आलेला. स्क्रू ढिला नाही, चांगला आवळलेला असतो. कुणाची मस्करी आहे ही?"

मला मोजायची सवय. मी कचेरीतली पोलादी पट्टी आणून मोजलं. जमिनीपासून बहात्तर सेंटिमीटर. एवढ्या खालचा कागद पाहायला मला गुडघ्यावर बसावं लागलं. मी आकडा डायरीत लिहिला, स्टँड वर केला. पुढच्या रविवारी तालीम संपल्यावर पुन्हा बहात्तर. वर्षभरानं सत्त्याहत्तर. त्याच्या पुढच्या वर्षी ब्याऐंशी.

दरम्यान ती ओळही लांबत चालली होती. चार स्वरांचे दहा झाले, मग सलग आठ बार, म्हणजे ठेक्याची आठ घरं. कधी एखादी अवघड जागा आली की दादा ती खोडून सोपी करायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा, "एवढ्यात नको." काही वर्षांनी त्या ओळीनं सगळ्या बँडशी उभा दावा मांडला. सगळे वर चढले की ही खाली, सगळे थांबले की हिचं सुरू. मी म्हटलं, "दादा, हे काय चाललंय?" तो पोट धरधरून हसला. "हल्ली उलट उत्तरं देते."

"कोण?"

तो हसायचा थांबला. "मी काय म्हटलं आत्ता?"

दादा-वहिनीला मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. एकदा तालमीनंतर मी न राहवून वहिनीला विचारलं, "तुला काही ऐकू येतं का गं, त्या खांबाकडून?"

तिनं पियानोचं झाकण लावलं. त्यावरची धूळ पदरानं पुसली. "मी वाजवत असते तेव्हा मला सगळेच ऐकू येतात. त्यात मोजत बसू का?" पायरीपर्यंत जाऊन ती वळली. "त्या खांबाची सावली पडते बघ. तो पार्ट जरा ठळक लिहीत जा."

त्यानंतर मी तो पार्ट ठळक लिहायला लागले.

कपाट त्या खांबाजवळ उभा असायचा. सहा फुटी धिप्पाड माणूस, कशाला भिणारा नव्हे. त्यानं एके दिवशी जागा बदलून मागितली. दादानं कारण विचारलं तर आधी बासच्या तारा पुसत बसला. मग म्हणाला, "मी पायानं ठेका धरतो ना, तसा मागून आणखी कुणीतरी धरतं. बरोबर धरतं, मास्तर. तक्रार नाही माझी. पण मला नको."

दादानं त्याला जागा बदलून दिली. खुर्ची मात्र हलवली नाही.

रेडिओवर नवीन रेकॉर्डिस्ट आला होता. काचेपलीकडच्या खोलीत बसायचा. तिथून त्याला मागची रांग दिसत नसे. पहिल्याच गुरुवारी त्यानं आतून माइकवर सांगितलं, "मास्तर, मागचा क्लॅरिनेट लांब पडतोय. तिला जरा पुढे सरकायला सांगा."

स्टुडिओतही मागच्या रांगेत पंधरावी खुर्ची मांडलेली असायची, रिकामीच. आमचा एकच क्लॅरिनेटवाला, तो पहिल्या रांगेत होता आणि त्याला झुबकेदार मिशा होत्या.

दादा शांतपणे मागं गेला आणि रिकामी खुर्ची हातभर पुढे घेतली. "आता?"

"आता झकास," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

नंतर चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. "तुम्ही 'तिला' का म्हणालात?"

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "तिला म्हणालो? असेल. तोंडातून गेलं असेल."

दिवस बदलले. नाचघरं बंद पडली, रेडिओनं गुरुवारचा कार्यक्रम थांबवला. दादाचा डावा कान गेला. बँड मात्र मोडला नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे गोदामावर जमायचे, आपल्या हौसेसाठी वाजवायचे. ऐकायला असलीच तर दहा-बारा माणसं. स्टँड आता एकशे बारावर स्थिरावला होता. मी मोजायचं सोडून दिलं होतं.

बहात्तराव्या वर्षी दादा गेला. सकाळी दहाच्या सुमारास टेबलापाशी बसल्या बसल्या. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा पेन्सिल त्याच्या कानावर होती. समोरचा कागद पुरा लिहून झाला होता. मध्ये सोळा बार असे होते की चौदाही ओळी रिकाम्या आणि त्यांवर आडवं लिहिलेलं, 'गप्प बसा'. त्या सोळा बारांत फक्त पंधरावी ओळ होती, काठोकाठ भरलेली.

"लिहून काढ," वहिनी म्हणाली. "महिन्याभरानं वाजवू."

मी लिहून काढलं. डोळे सारखे भरून येत होते. कसं लिहिलं ते धड आठवतही नाही.

महिन्यानं, ठरल्या दिवशी दुपारी हॉलमध्ये पन्नासेक माणसं असतील. पुढे उभं राहून हात हलवायला आता कुणी नव्हतं. वहिनीनं पियानोवरून मानेनं इशारा केला आणि बँड सुरू झाला. दादाचंच सगळं होतं त्यात. हवालदाराला शोभून दिसेल अशी हवालदाराची जागा, भूकंपाला आवरता येईल एवढाच भूकंप. मी पहिल्या रांगेत बसून बार मोजत होते.

मग चौदाही जण थांबले.

खाली रंधा चालू होता. तोही थांबला.

वहिनीचे हात मांडीवर होते. मान खांबाकडे किंचित वळलेली.

सहा. सात. आठ.

नवव्या बारावर वहिनीची बोटं मांडीवरच जरा उचलली गेली. कुणी अडखळलं की आपण श्वास धरतो, तशी. मग पुन्हा खाली टेकली.

मला काही ऐकू आलं नाही. हे मी स्पष्ट सांगते. आजवर कधीच आलं नाही.

पंधरा. सोळा.

कुणी वाजवलं नाही.

वाद्यं ओठांना लागलेली होती. चौदाही माणसं वाट पाहत होती. सतरा. अठरा. एकोणीस.

एकोणिसावा बार अर्धा झाला आणि सगळे एकदम आले. एकाच क्षणी. इशारा कुणी केला नव्हता.

लोक गेल्यावर मी हवालदाराला गाठलं. तो ट्रम्पेट पुसत होता, डोळे लाल झालेले.

"सोळा बार होते," मी म्हटलं. "तुम्ही अडीच जास्त थांबलात."

"मग काय करणार? तिनं लांबवलं. मध्येच तोडायचं का पोरीला, तेही आजच्या दिवशी?"

बोलून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग ट्रम्पेट पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि जिना उतरून गेला.

हॉल रिकामा झाला. वहिनी खिडकीपाशी बसली होती. मी एकेका स्टँडवरचे पार्ट गोळा करत खांबापर्यंत गेले. पंधरावा पार्ट मी दोन पानांवर लिहिला होता. दुःखाच्या भरात पहिलं पान कुठे संपवलं याचं भान मला राहिलं नव्हतं. ते संपलं होतं त्या सोळा बारांच्या बरोबर मध्यावर, नवव्या बारापाशी. तिथे श्वास घ्यायलासुद्धा फट नव्हती. इतक्या वर्षांत अशी चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती.

पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बाण काढला होता. पान चार बार आधी तोडायला हवं होतं, तिथपर्यंत. जागा अचूक दाखवली होती, तिथे पान उलटण्यापुरती फट होती. बाणाशेजारी लहान, नीटस अक्षरात एकच ओळ होती. हस्ताक्षर दादाचं नव्हतं, वहिनीचंही नव्हतं.

'आत्या, इथं पान उलटायला वेळ मिळत नाही.'

पेन्सिलीची बारीक भुकटी अजून अक्षरांवर होती. मी ती झटकली नाही.