कानवाटेला उशीर

शामराव खोतांचा दिवस चहाने नाही, तक्रारीने सुरू व्हायचा. त्या दिवशीही कप हातात यायच्या आधी त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि घसा खाकरला.

"नमस्कार. मी शामराव खोत, गारगोटी. रिटायर एसटी ड्रायव्हर. तुमी कानवाट पाडव्याला देतो म्हणालासा. पाडवा गेला. मग म्हणालासा गणपतीला. गणपती आलं, जेवलं, गेलं. आता दिवाळी म्हणताय. ती कुठल्या सालातली तेवढं सांगून टाका, म्हंजे आमी थांबायचं का मरायचं ते ठरवतो."

"सकाळी सकाळी मरायच्या गोष्टी कसल्या करताय?" मालनबाईंनी कप त्यांच्या हातात नीट टेकवला. "धरा. गरम हाय."

सहासष्ट वर्षांच्या माणसाने एका व्हिडिओ गेमसाठी एवढं हातघाईवर यावं, याचं गल्लीत हसू व्हायचं. पण हसणाऱ्यांच्या गाड्या त्यांना बसवून आपल्या आपण चालत होत्या. एसटीतलं स्टिअरिंग काढून तिथे दोन जादा प्रवाशांची सोय केल्याला आता सहा वर्षं होत आली होती. गाडी हाकायची हौस कुणाला असलीच, तर ती भागवायची 'नागमोडी'त. कोल्हापूरच्या एका लहानशा कंपनीने बनवलेल्या या शर्यतीच्या खेळात सह्याद्रीतले घाट जसेच्या तसे उतरवले होते. टेबलाला चाक बसवायचं, पायाशी पेडल ठेवायची, की घरात बसून करूळ घाट चढता यायचा. शामरावांनी हा घाट तेवीस वर्षं एसटीने चढला-उतरला होता. अडचण एवढीच होती की निवृत्तीनंतर दोन वर्षांत काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले होते.

अशा खेळाडूंसाठी कंपनीने तीन वर्षांपूर्वी कानवाट जाहीर केली होती. म्हणजे डोळ्यांना दिसणारा रस्ता आवाजात उतरवायचा. दरीकडचा कठडा एका कानात गुणगुणणार, डोंगर दुसऱ्या कानात घुमणार, आणि वळण जवळ आलं की सूर त्या बाजूला सरकत जाणार. नमुना म्हणून अर्ध्या किलोमीटरचा एक सरळ रस्ता दिला होता. बाकी सगळं 'लवकरच'. शामरावांनी तो सरळ रस्ता इतक्या वेळा चालवला होता की तो झोपेतही संपायचा.

वाट बघून कंटाळलेल्या दृष्टिहीन खेळाडूंचा एक गट होता. तिथे सगळे बोलूनच निरोप पाठवत. शामराव वयाने मोठे आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवण्यात कुणाला हार न जाणारे, म्हणून पुढारीपण त्यांच्याकडे आपोआप आलं. त्यांच्या खालोखाल तिखट होती ती मिरजेची रुक्साना सतारमेकर. ती जन्मापासून आंधळी होती आणि तंबोऱ्यांची जवारी लावून त्यांचा सूर खुलवायचं काम करायची. "काका, माझ्या कारखान्यात लाकूड वाळायला एवढा वेळ लागत नाही," असं ती म्हणायची आणि गट खदखदून हसायचा.

शामरावांच्या घाईचं खरं कारण मात्र गटाला माहीत नव्हतं. त्यांच्या दोन्ही कानांच्या नसा सुकत चालल्या होत्या. पातळ, उंच आवाज आधीच गेले होते. कुकरची शिट्टी त्यांना आता मालनबाई सांगायच्या तेव्हा कळायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सहा-आठ महिने जेमतेम, आणि नस सुकल्यावर यंत्र लावूनही उपयोग नाही. कान आहेत तोवर एकदा घाट चढायचा, एवढंच शामरावांना हवं होतं.

त्या तक्रारीचं उत्तर चार दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी आलं. कानवाट बनवणाऱ्या पाच जणांची प्रमुख ऋजुता शेवाळे दारात उभी राहिली, सोबत चाक, पेडल आणि कानांवर चढवायचं यंत्र.

"काका, तुमच्या सगळ्या तक्रारी मी ऐकल्यात," ती म्हणाली. "आता पूर्ण घाट चालवून बघा. येत्या शुक्रवारी सगळ्यांना देणार आहोत. त्याआधी म्हटलं, शिव्या समोरासमोर खाव्यात."

शामराव खुर्चीत जाऊन बसले. ऋजुताने त्यांच्या कानांच्या पाळ्यांचे दोन बाजूंनी फोटो घेतले आणि कारण सांगितलं. आवाज पुढून आला की मागून, वरून की खालून, हे माणसाला पाळीच्या घड्यांमुळे कळतं आणि प्रत्येकाच्या घड्या वेगळ्या असतात. म्हणून प्रत्येकाचा रस्ता त्याच्या कानाच्या मापाने बेतावा लागतो. तीन वर्षांतली दोन या मापात गेली होती.

गाडी सुटली. पहिलं वळण आलं, घंटा दोनदा वाजली आणि शामराव थेट दरीत गेले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर ते इतक्या वेगाने गेले की कठड्याला नुसतं शिवून पलीकडे.

"दोन घंट्या म्हणजे ब्रेक, काका. एक घंटा म्हणजे रस्ता मोकळा," ऋजुता हळूच म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारातून मालनबाईंचं हसू फुटलं. त्या त्याच डेपोत एकोणीस वर्षं कंडक्टर होत्या. "अगं, एसटीत एक घंटा म्हंजे थांबा आणि दोन म्हंजे चला. मी दोरी दोनदा वडली की ह्यांचा पाय आपसूक खाली जायचा. तू दोन घंट्या देणार आणि ब्रेक मागणार, तर हे दरीतच जाणार की!"

ऋजुताने कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज शामरावांनाही ऐकू आला. तिच्या पाच जणांपैकी एकानेही एसटीतल्या कंडक्टरच्या घंटेकडे कधी लक्ष दिलेलं नव्हतं. घंट्या तिने तिथेच बदलल्या. शामराव पुन्हा बसले, आणि यावेळी ब्रेक लागला, पण चाक भलत्याच वेळी फिरलं. मग पुन्हा. पुढचा आवाज त्यांना मागचा वाटत होता, वरचा खालचा. ऋजुताने दोन-तीन बारीक सूर ऐकवून बघितले आणि शामरावांना ते ऐकूच आले नाहीत. तेव्हा तिला जे कळायचं ते कळलं.

"दिशा ज्या आवाजांवरून ओळखतात ते उंच आवाज तुम्हाला ऐकू येत नाहीत," ती म्हणाली. "वय झालेल्या बऱ्याच जणांना येत नाहीत. आम्ही सगळं तरुण कानांवर तपासलं, काका. चुकलंच."

शामरावांना राग यायला हवा होता. पण पोरगी इतकी खजील झाली होती की ते तिला समजावायच्या मागे लागले.

"हे बघ, घाटात कुठला ड्रायव्हर कानानं गाडी चालवतो? मागं पन्नास माणसं, पाटीत कोंबड्या, रडणारी पोरं, ह्या बाईंची सुट्ट्या पैशावरनं भांडणं. आमी चालवायचो बुडाखालनं. मागचं चाक साइडपट्टीवर गेलं की त्या अंगाची मांडी सांगायची. उतार लागला की माकडहाड सांगायचं. रस्ता खालनं वर येतो, पोरी. तू वरनं खाली घालाय लागलीस."

ऋजुताने खुर्ची पुढे ओढून विचारलं, "कुठल्या मांडीला काय कळायचं? सगळं सांगा." ती दुपारी आली होती, ती दिवेलागणीला उठली. जाताना तिने खुर्ची मोजली, शामरावांना उजवीकडे, डावीकडे कलायला लावलं, आणि दाराशी येऊन थांबली.

"एक गादी करता येईल," ती म्हणाली. "आत बोटाच्या पेराएवढ्या शंभरेक मोटरी. रस्ता थरथरीतून अंगात येईल. ऐकू न येणाऱ्यालासुद्धा. पण त्याला आणखी सहा महिने लागतील, आणि जमेलच असं वचन मी देत नाही."

"मग शुक्रवारी हे द्या, गादी मागनं द्या."

"शुक्रवारी हे दिलं की आम्हा पाच जणांना दुसऱ्या खेळावर टाकतील. मग गादी राहिलीच. मालकांना मी थांबवू शकते, पण ते एकच विचारतील, खेळाडू बोंब मारणार नाहीत ना?"

बोंब मारणाऱ्यांचा म्होरक्या तिच्या समोरच उभा होता.

ती गेल्यावर शामराव अंगणात बसून राहिले. शुक्रवारी कानवाट आली तर सराव करून, चुकतमाकत, दोन-चार महिने तरी घाट चढता येईल. हातातलं होतं ते एवढंच. ते सोडून सहा महिने थांबायचं आणि गादी फसली, तर कानही गेलेले असतील आणि घाटही. दुसरीकडे गटातले कितीतरी जण त्यांना आठवले. सोलापूरचे म्हाताऱ्या आवाजाचे एक मास्तर होते. स्फोटात डोळ्यांबरोबर अर्धे कान गेलेला एक फौजी होता. शुक्रवारी आनंदाने यंत्र कानाला लावून हे सगळे दरीत जाणार होते, आणि आपल्यालाच जमत नाही असं समजून गप्प बसणार होते.

"आणि तुमचे कान?" मालनबाईंनी विचारलं.

"कान जाणारच हायत गं. ते काय माझ्या तक्रारीनं थांबत्यात?" असं म्हणून त्यांनी फोन मागितला.

"मी शामराव बोलतोय. कानवाट शुक्रवारी येणार होती. ती आणखी सहा महिन्यानं येईल. कंपनीला काय बोलू नका. उशीर मी लावलाय. शिव्या मला द्या."

लोकांनी दिल्या. मनापासून दिल्या. तीन वर्षं शामरावांनीच शिकवलेला सूर आता त्यांच्यावर उलटला. कुणी म्हातारचळ म्हटलं, कुणी गट सोडला. रुक्साना म्हणाली, "काका, कंपनीचा एक चहा एवढा महागात पडेल असं वाटलं नव्हतं." शामरावांना हे फार लागलं. गादी जमेलच असं नव्हतं, म्हणून तिचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. कानांचं सांगितलं असतं तर सगळे विरघळले असते, पण दयेने मिळवलेली मुदत त्यांना नको होती. रोज सकाळी ते चहाबरोबर शिव्या ऐकत राहिले, आणि दर आठवड्याला त्या थोड्या कमी ऐकू येत गेल्या.

ऋजुता दर पंधरा दिवसांनी यायची. पहिली गादी नुसती गुदगुल्या करायची, दुसरीने शामरावांचं कंबरडं धरलं. तिसऱ्या गादीवर बसून ते एकदम म्हणाले, "हा खड्डा!" आणि त्या पोरीने आनंदाने टाळी वाजवली, जी त्यांना ऐकू आली नाही. संक्रांतीपर्यंत मालनबाईंना त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. ऋजुताला हे दिसत होतं. तिचे पाचही जण रविवारीसुद्धा काम करू लागले होते, आणि कारण विचारलं की प्रत्येक जण भलतंच काहीतरी सांगायचा.

चैत्रातल्या एका रविवारी सकाळी कानवाट आली. गाद्या घरोघरी पोचल्या होत्या. पहिल्याच शर्यतीत एकेचाळीस जण करूळ घाटाच्या पायथ्याशी उभे राहिले, सगळे आपापल्या घरात, आपापल्या खुर्चीत. शामरावांनी कानाला काही लावलंच नाही. पाठीत गादीच्या दोन थापा बसल्या, म्हणजे चला, आणि त्यांचा पाय आपसूक खाली गेला.

मग घाट खालून वर आला. खडबडीत डांबर मांड्यांना लागलं. चढ लागला तशी पाठ खुर्चीत रुतली. एका अंगाला डोंगराचा दाब जाणवायचा, दुसऱ्या अंगाला कठड्याचे दगड एकेक करून टकटक निघून जायचे. तीव्र वळणावर मागचं चाक साइडपट्टीवर घसरलं आणि मांडीने ते त्यांच्या आधी ओळखलं. हातांनी चाक फिरवलं, जसं तेवीस वर्षं फिरवत आले होते तसंच. शामराव मोठ्याने ओरडत होते, समोर नसलेल्या ट्रकवाल्यांना अस्सल घाटातल्या शिव्या देत होते, आणि आपण किती मोठ्याने ओरडतोय हे त्यांना कळत नव्हतं. अख्खी गल्ली खिडकीशी गोळा झाली होती.

एकेचाळिसांत ते नववे आले. पहिली आली रुक्साना.

घाटमाथ्यावर गाडी थांबली तेव्हा ते रडत होते. शुक्रवारी कानवाट आली असती तर या क्षणी त्यांच्याजवळ बंद पडत आलेले कान आणि एक निरुपयोगी यंत्र उरलं असतं. आपल्याला नको असलेले ते सहा महिने कुणीतरी आपल्यासाठी खपलं होतं. ऋजुता शेजारी उभी आहे हे त्यांना तिच्या हातावरून कळलं. तो हात त्यांनी कपाळाला लावला.

"उशीर केलासा, लई उपकार झालं," ते म्हणाले.

फोन वाजत होता. मालनबाईंनी तो घेतला, ऐकलं, आणि शामरावांच्या डाव्या कानाशी वाकल्या. "रुक्साना हाय. आधी माफी मागतीय. ऋजुतानं सांगितलं म्हणं तिला, तुमच्या कानांचं."

"माफी राहू दे. पहिली आलीस, म्हणावं, पेढे दे."

मालनबाई पुन्हा ऐकू लागल्या. यावेळी बराच वेळ लागला. मग त्या सावकाश, एकेक शब्द सोडत बोलल्या. "ती म्हणतीय, जन्मापासनं लोकांकडनं ऐकत आले की घाटात दरी बघितली की पोटात खड्डा पडतो. मला वाटायचं, उगंच सांगत्यात. आज एका वळणावर माझ्या एका अंगाचा रस्ताच संपला. खाली कायच नव्हतं. आणि खरंच पोटात खड्डा पडला. तर काका, तुमी डोळ्यानं दरी बघितलीय. आज मला कळली ती तीच का?"

शामरावांनी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. घाटात त्यांची नजर रस्त्यावर असायची. तेवीस वर्षं. दरी प्रवाशांनी बघायची, खिडकीशी बसून. त्यांना ती कळायची ती त्या अंगाच्या मांडीला, रस्ता संपायच्या जागी.

"मालन," ते म्हणाले, "दरी कशी दिसायची गं?"

"मला काय विचारताय? मी तिकिटं फाडत हुते."

मग मालनबाईंनी फोन हाताने झाकला आणि पुन्हा त्यांच्या कानाशी वाकल्या.

"पोरगी थांबलीय हो. काय सांगू तिला?"