सहाव्या खोलीचा आकडा

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. माझ्या वहिनीने जसं सांगितलं तसंच लिहिते आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

रविवार होता. दुपारचे पावणेतीन. अंधार नाही, वादळ नाही, बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीतली नेटवर्कची खोली.

वहिनी तिथे नेटवर्क इंजिनिअर होती. हॉस्पिटलमधली यंत्रं तारांनी ज्या पेट्यांना जोडलेली असतात, त्यांना स्विच म्हणतात. कुणाचा निरोप पुढे सोडायचा आणि कुणाचा अडवायचा, याची यादी प्रत्येक स्विचमध्ये असते. स्विच ती वरून खाली वाचतो. पहिली लागू पडणारी ओळ सापडली की तिथेच थांबतो, खाली काय लिहिलंय ते बघतही नाही. म्हणून सगळा खेळ क्रमाचा. जी ओळ जास्त लागते ती वर घ्यायची, कुणालाच लागत नाही ती काढून टाकायची. दादा तिला चिडवायचा, की हिने स्वयंपाकघरातले डबेसुद्धा याच हिशोबाने लावलेत आणि मला साखर काही सापडत नाही.

त्या रविवारी तेच काम होतं. यादी फुगून स्विचमधली जागा संपली होती, नव्या यंत्रांच्या ओळी बसत नव्हत्या. प्रत्येक ओळीपुढे एक आकडा दिसतो. ती ओळ किती वेळा लागली, त्याचा. ज्या ओळीचा आकडा हलत नाही ती पुसून टाका, असं साहेबांनी सांगितलं होतं.

पण एक ओळ होती... जिच्यापाशी यायचं वहिनी सकाळपासून टाळत होती.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी घाईघाईत तिने अडवायची ती ओळ परवानगीच्या ओळीच्या वर घातली होती. चाळीस मिनिटांनी चूक लक्षात आली. तिने गुपचूप क्रम बदलला. पण त्या चाळीस मिनिटांत जुन्या वॉर्डातल्या पेशंटनी दाबलेली बेल सिस्टरच्या टेबलापर्यंत न पोचता स्विचमध्येच अडत होती.

वॉर्डात त्या दिवशी एकच पेशंट होत्या. सहाव्या खोलीतल्या आजी.

आजी गेल्या.

चौकशी झाली. ड्यूटीवरच्या सिस्टर रडून सांगत होत्या की बेल वाजलीच नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांना काढून टाकलं. आणि वहिनी तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. नोकरी जाईल, घराचं कसं होईल, या भीतीने.

स्विच बंद झाला की आकडे पुसले जातात, पण तो तेव्हापासून एकदाही बंद झाला नव्हता. त्यामुळे त्या ओळीपुढे आकडा तसाच होता. तेवीस. आजींनी तेवीस वेळा बेल दाबली होती. सिस्टर खरं बोलत होत्या, याचा जगात एवढाच पुरावा उरला होता. आणि तो पुसायला आता साहेबांचीच परवानगी होती.

वहिनीने यादी उघडली.

आकडा होता... चोवीस.

वाचण्यात चूक झाली असेल, म्हणून तिने यादी पुन्हा मागवली.

पंचवीस.

तो वॉर्ड वर्षभर बंद होता. तिथल्या बेल्स कधीच काढून नेल्या होत्या. शिवाय आता वर परवानगीची ओळ होती, खालच्या ओळीपर्यंत कुणी पोचायचं कारणच नव्हतं. तिने स्विचवर बोट फिरवत सहाव्या खोलीचा क्रमांक शोधला. त्याचा दिवा बंद होता.

त्या खाचेत... तार नव्हतीच.

अठ्ठावीस.

वहिनी उठली आणि वॉर्डात गेली. मागे दार लागलं तशी स्विचच्या पंख्यांची घरघर थांबली. मग काहीच ऐकू येईना. रिकामा बोळ, बंद दारं.

सहाव्या खोलीत मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. जिथे बेल होती तिथे भिंतीला स्क्रूची चार भोकं होती. भिंतीवर बोटभर धूळ.

आणि त्या चार भोकांच्या मधोमध... अंगठ्याएवढी जागा स्वच्छ होती.

ती पळत परत आली. एकेचाळीस. बघता बघता बेचाळीस, त्रेचाळीस. कुणीतरी घाबरून दाबत सुटल्यासारखा आकडा वाढत होता.

पुसून टाक, तिचं मन म्हणालं. एक ओळ पुसली की सुटशील. आज्ञा लिहून झाली होती, फक्त एक बटण दाबायचं बाकी होतं.

तिने हात मागे घेतला. पडद्याचा फोटो काढला आणि सिस्टरना फोन लावला. तो नंबर दोन वर्षं तिच्याकडे होता, पण लावायची हिंमत झाली नव्हती.

"सिस्टर, त्या दिवशी बेल वाजली नव्हती. चूक माझी होती. आजींनी ती तेवीस वेळा दाबली होती."

आता शिव्या पडणार, असं वहिनीला वाटलं. पडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती म्हणते.

"तेवीस नाही," सिस्टर हळूच म्हणाल्या. "मी मोजणं सोडून दिलं. दोन वर्षं माझ्या कानात वाजते आहे ती. आत्तासुद्धा वाजत होती... तुम्ही बोललात आणि थांबली."

वहिनीने पडद्याकडे बघितलं. आकडाही थांबला होता.

पुढचं सगळं रीतसर झालं. वहिनीने लिहून दिलं. सिस्टरवरचा ठपका पुसला गेला, वहिनीची नोकरी गेली. तिला त्याचं दुःख नाही. पण तो आकडा कसा वाढला, ते कुणालाच सांगता आलं नाही. साहेबांनी फोटो तीनदा बघितला आणि विषय बदलला.

आमचे बाबा आजारी असतात, आतल्या खोलीत झोपून असतात. हल्ली घरात गप्पा चालू असल्या की वहिनी ठीक असते. सगळे गप्प झाले, की ती हातातलं काम टाकून बाबांच्या खोलीत जाते. दिवसातून पन्नास वेळा.

मागच्या आठवड्यात न राहवून मी विचारलं, "वहिनी, तुला ती बेल ऐकू येते का गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मला अजून झोपू देत नाही.

"नाही," ती म्हणाली. "काहीच ऐकू येत नाही. म्हणून तर जाऊन बघते."