एका घरात एकच नाव

तळ्यावरून चढत आलेलं धुकं त्या सकाळी कॉफी संस्थेच्या दारापर्यंत पोचलं होतं. मुर्शिदा बियांचं पोतं उतरवून निघालीच होती, तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, जरा चमचा धरता का? चव घेणारा एक जण आज आला नाही."

हाक मारणारा इख्वान. शेजारच्या गावचा, कॉफी पारखायचं शिकून नुकताच परतलेला. टेबलावर वाट्या मांडलेल्या होत्या. मुर्शिदाने चमचाभर कॉफी मुकाट्याने घेतली.

"अशी नाही. भुरका मारा, चांगला जोरात."

"पाहुण्यांसमोर भुरका मारला म्हणून आईने मला चुलीपाशी उभं केलं होतं."

"इथे गप्प पिणाऱ्याला चव कळत नाही."

मग तिने असा भुरका मारला की वाट्या धुणारी बाई वळून बघायला लागली. इख्वान हसला... आणि मग हसायचं विसरून नुसता बघत राहिला.

"काय लागतंय?"

"संत्र्याची साल. आणि तळाशी धूर. कुण्या आळशी बाईने बिया चुलीजवळ वाळवल्यात."

त्याने वाटीखालची चिठ्ठी पाहिली. "मुर्शिदा कोण?"

"...मीच ती आळशी बाई. ऊन कुठे होतं?"

त्यानंतर तिची पोती जरा जास्तच वेळा संस्थेत यायला लागली. कधीकधी अर्धीच भरलेली असत. प्रेमाला निमित्त लागतं, आणि गायो मुलखाच्या डोंगरात कॉफीइतकं सोयीचं निमित्त दुसरं नाही.

एका दुपारी वाळवणात बिया परतता परतता तो म्हणाला, "घरच्यांना मागणी घालायला पाठवू?"

मुर्शिदाच्या हातातलं दाताळं थांबलं. 'हो' तिच्या ओठांवरच होतं. तरी तिने विचारलं, "आणि माझं नाव?"

संस्थेचा नियम होता, एका घरात एकच नाव, आणि ते पुरुषाचं. फळं खुडायच्या बायका, सोलायच्या, वाळवायच्या, निवडायच्या बायका; सभेत मतासाठी हात वर करायचा मात्र सभासदाने. मुर्शिदाचे वडील गेले, भाऊ नव्हता, म्हणून तेवढं तिचं नाव लागलं होतं. लग्न होऊन ती दुसऱ्या घरी गेली की ते पुसलं जाणार होतं.

"माझ्या नावात येईल की," इख्वान म्हणाला. "सगळं आपलंच ना?"

"आपलं म्हणतात ना, तेव्हा ते नेमकं तुमचं असतं."

वार्षिक सभेत तिने ठराव मांडला, नवरा-बायको दोघांचीही नावं लागावीत. मागच्या चटईवर बायका श्वास रोखून बसल्या होत्या. पुढे इख्वान होता. वडिलांनी वेगळ्या काढून दिलेल्या बागेमुळे त्यालाही मत होतं. शेजारी ते वडील, गावात ज्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

इख्वानने आधी वडिलांकडे पाहिलं. मग हात वर केला. तोवर मोजणी संपली होती. ठराव पडला.

संध्याकाळी तो दारात आला. ती पेले विसळत होती.

"उशिरा वर गेला तुमचा हात."

"हो." तो मान खाली घालून म्हणाला, "लाज वाटते मला."

मुर्शिदाला रडू आलं, रागाने आणि प्रेमानेही. तिने पेला पालथा घातला.

"सगळे म्हणतात, रिवाज मोडायचा नाही. मग रिवाजानेच करू. मुलगा नसलेल्या घरात जावई राहायला येतो, आणि घर मुलीचंच राहतं. तुम्ही या माझ्या घरी."

"घरजावई?"

"लोक हसतील. वडिलांची बाग परत द्यावी लागेल. तिच्याबरोबर मतही जाईल. मी तुमच्याकडे तेच मागतेय, जे तुम्ही माझ्याकडे सहज मागितलं होतंत. नाही म्हणालात तरी... मी समजून घेईन."

तो विसळलेला एक पेला उचलून पुसायला लागला.

"माझं नाव कधी लागेल मग?"

"ठराव मंजूर झाला की."

"म्हणजे तुझ्याच मागे उभं राहायला हवं," तो म्हणाला. पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला.

लग्नाला त्याचे वडील आले नाहीत.

पुढच्या सभेला मुर्शिदाने तोच ठराव मांडला. इख्वान मागच्या चटईवर बसला होता, बायकांच्या रांगेत. समोरून कुणी खाकरलं, कुणी म्हणालं, "काय इख्वान, भाजी निवडायला आणली का?" इख्वानने समोरची कॉफी उचलून मोठ्याने भुरका मारला. सगळ्या माना वळल्या. त्याच्या वडिलांचीही.

म्हाताऱ्याने मुलाला पाहिलं. इतकी वर्षं त्या चटईकडे त्यांची पाठच असायची. तिथे कोण बसतं, हे त्यांना आज दिसलं.

मोजणी सुरू झाली. पुढच्या रांगेत सावकाश एक सुरकुतलेला हात वर गेला. तो बघून शेजारचा गेला, मग त्याच्या पलीकडचा.

मुर्शिदा हात मोजत नव्हती. ती चटईकडे बघत होती, आणि इख्वान डोळे पुसत होता.