पुढचं पान

"थांबा! अहो, थांबा, थांबा!"

तो बाईंशी बोलला तो पहिला शब्द हाच. बाईंचा खडू धरलेला हात तसाच हवेत राहिला. मागे वळून पाहतात तर काय, शिडीवर एक तरुण... तोंडात स्क्रू, हातात वायरचं वेटोळं आणि चेहऱ्यावर साक्षात प्रलय बघितल्याची भीती.

"आठ वर्षं याच भिंतीवर लिहितेय मी," बाई म्हणाल्या.

"भिंत तीच आहे हो. फळा बदललाय, काचेचा डिजिटल आहे हा. खडू चालवलात तर ओरखडे पडतील आणि माझी नोकरी जाईल. याच्यावर बोटानं लिहायचं."

"इतकी नाजूक वस्तू शाळेत कशाला आणलीत? पंचेचाळीस पोरं आहेत इथे!"

"पोरांची भीती नाही," तो शिडी उतरत म्हणाला, "बाईंचीच आहे."

वर्ग खो खो हसला. बाई रागावल्या, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्या काही रागानं नव्हेत.

तीन आठवडे तो शाळेत राहणार होता, शिक्षकांना फळा शिकवायला. मुलांनी त्याचं नाव ठेवलं फळेवाले. काही अडलं तर असावं म्हणून तो बाईंच्या व्याकरणाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचा. गुडघे बाकात मावायचे नाहीत, तरी बसायचा.

"उद्गारवाचक वाक्य कोण सांगेल?"

"अबब! बाई किती रागावतात!" शेवटच्या बाकावरून उत्तर आलं. बाईंना हसू आवरेना.

भांडण मात्र रोजचं. तास संपला की बाई सवयीनं सगळं पुसून टाकायच्या आणि तो कपाळाला हात लावायचा.

"पुसू नका हो! पान उलटत जा. प्रत्येक शिक्षकाची यात वेगळी वही आहे. लिहिलेलं राहतं."

"फळ्याला कुठे पान असतं? मुलांच्या डोक्यात राहिलं तेच खरं. समजलं की नाही हे मुलांच्या डोळ्यांत दिसतं. तुमची काच कुणाच्या डोळ्यांत बघते?"

"काच नाही बघत. पण तुम्ही लिहिता तेव्हा तुमचीही वर्गाकडे पाठच असते ना? कालचं तयार असेल तर आज तेवढा वेळ इकडे बघाल." तो थांबला. "म्हणजे... मुलांकडे."

 

तिसऱ्या रांगेत एक मुलगी होती, बोलताना अडखळणारी. वर्षभर तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तिला त्यानं फळ्यापाशी बोलावलं आणि पोरीनं बोटानं एकामागून एक चार वाक्यं लिहिली, एकही चूक न करता! बाईंचे डोळे भरून आले. त्या दिवशी शिक्षकखोलीत त्यांनी चहाचे दोन कप भरले आणि एक त्याच्यापुढे सरकवला.

"फळ्याबद्दल?" त्यानं विचारलं.

"फळ्याबद्दलच... दुसरं कशाबद्दल असणार?"

लपवून काय उपयोग, बाई आकंठ बुडाल्या होत्या. शाळेतल्या शिपाईमावशींना कळलं होतं, घरी आईलाही कळलं होतं. "एरवी तुझ्या जिभेला हाड नाही," आई म्हणाली, "आणि वेळेला बरोबर दातखीळ बसते. तो जाईल हं निघून!"

गुरुवारी बाईंनी संकेतार्थी वाक्यं शिकवली. अभ्यास केलात, तर पास व्हाल. शुक्रवारी तो निघाला. दूरच्या शहरात वर्षभराचं काम होतं. बाई सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होत्या. फाटकापाशी तो पिशवी खांद्याला लावून उभा होता.

"बाई, सकाळी वही उघडलीत? पुढचं पान बघितलंत?"

बाई चपापल्या. तीन आठवडे शिकून एकदाही पान उलटलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? शिक्षिकेनंच गृहपाठ केला नव्हता.

"हो, बघितलं की!"

"मग...?"

"मग काय! छान आहे. अगदी सोपं आहे."

 तो मान हलवून हसला.

"बरं. येतो मी."

"सुखरूप जा," बाई म्हणाल्या. जुळवलेली वाक्यं मनातच राहिली.

चार महिन्यांनी मुख्याध्यापिका शिक्षकखोलीत एक पत्रिका फडकवत आल्या. "ऐकलंत का, आपले फळेवाले चतुर्भुज होताहेत!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, आणि तासाला निघून गेल्या.

संकेतार्थी वाक्यांची उजळणी होती. उदाहरणं लिहायला तीच तिसऱ्या रांगेतली मुलगी उठली. लिहिता लिहिता जागा संपली, तसं तिनं सहज बोटानं पान सरकवलं.

पुढचं पान कोरं नव्हतं. रेघ सोडून खाली घसरणारं फळेवाल्यांचं अक्षर वर्गानं लगेच ओळखलं. मुलगी अडखळत वाचू लागली.

"उद्या जायचंय. तुम्ही थां... थां... थांबा म्हणालात, तर थांबेन. उदाहरण बरोबर आहे का, बाई?"

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. हो, बघितलं की. छान आहे. सुखरूप जा. आपलंच बोलणं त्यांना एकेक शब्द ऐकू येत होतं, आणि त्याचं ते मान हलवून हसणंही आता समजत होतं.

"बरोबर आहे का, बाई?" मुलीनं पुन्हा विचारलं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आता हेच... झालेल्या गोष्टीबद्दल कसं लिहायचं ते बघा."

त्या वाक्याखाली त्यांनी बोटानं लिहिलं — मी थांबा म्हणाले असते, तर ते थांबले असते.

लिहून झाल्यावर त्यांचा हात सवयीनं डस्टरसाठी खाली गेला. तिथे काहीच नव्हतं.

"बाई, पु... पुसू?"

"नको गं. राहू दे ते," बाई वर्गाकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या. "पुढचं पान घे."