न घुमणारा आवाज

"माहाच आवाज, अन् गाण्यावर नाव त्या कपिलचं!" निकिता दारातूनच कडाडली.

खासगी तपासनीस पद्मजाताईंनी तिला बसवले. त्या पूर्वी भौतिकशास्त्र शिकवीत. त्यांचे सहकारी नीळकंठराव वकील पंखा वाढवायला उठले.

‘कंबर हलव, कापूसवाली’ या लोकप्रिय गाण्यावर जिल्ह्यातली प्रत्येक वरात नाचत होती. राळेगावच्या निकिताने त्याला उत्तर दिले: ‘वेचाले ये’. कंबर पाहणाऱ्याला उन्हात कापूस वेचायला लावणारे नाचगाणे. तिने ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले आणि आठवड्यापूर्वी तो मोबाईलच चोरीला गेला. आता पांढरकवड्याचा डीजे कपिल ते वाजवत होता. डीजेवाल्यांच्या रीतीप्रमाणे दर कडव्यात त्याच्या नावाची आरोळी होती. उद्या मुंबईची कंपनी त्याच्याशी करार करणार होती.

"मोबाईल कुठे होता?" पद्मजाताईंनी विचारले.

"मधल्या खोलीत, कापसात. भाव नाही म्हणून बाबानं आढ्यापर्यंत भरून ठेवला. तिथंच बसून म्हटलं मी." निकिता मनगट खाजवत होती. "उन्हाळ्यात त्यात किडे होतात. हात घातला का पंधरा दिवस चट्टे अन् आग. जागा दोघांलेच ठाऊक. माही मैत्रीण सुरभी, अन् भाऊ ऋतिक. तो तर यवतमाळले होस्टेलात राह्यते. सुरभीनंच केलं!"

सुरभी चिडली. "मी कायले चोरू? कोरसमध्ये मीच हावो!" बांगड्या मागे सारून तिने हात नाचवले. हात स्वच्छ होते.

ऋतिक होस्टेलच्या पायरीवर भेटला. "होळीपासून घरी गेलो नाही, ताई." बोलताना तो बाह्या कोपरापर्यंत सारून हातांवरचे चट्टे खाजवत होता. "ढेकूण हायेत इथं."

"अरेरे," नीळकंठराव कळवळले.

त्याचा खोलीसोबती शेजारीच उघड्या अंगाने वारा घेत होता. त्याच्या अंगावर एकही चट्टा नव्हता.

कपिलची खोली पत्र्याची, रिकामी, फरशीची होती. आत शिरताच पद्मजाताईंनी टाळी वाजवली.

"आरती हाय का?" कपिल हसला. "गाणं माहं, ताई. निकितानं इथंच उभं राहून म्हटलं."

"नंतर आवाजावर काही प्रक्रिया?"

"काहीच नाही. एकदम ओरिजनल!"

संध्याकाळी पद्मजाताईंनी सर्वांना त्याच खोलीत बोलावले. निकिताने एक ओळ म्हटली. नीळकंठरावांनी ती मोबाईलवर घेऊन ऐकवली. प्रत्येक शब्दामागे पत्रा घुमत होता. मग कपिलच्या गाण्यातली सुरुवातीची, वाद्यांविना असलेली ओळ लावली. तिथे शब्द संपताच शांतता होती.

"आवाज कठीण भिंतीवरून परततो, कापसात जिरतो," पद्मजाताई म्हणाल्या. "हे गाणे कापसाने भरलेल्या खोलीत म्हटले गेले. प्रक्रिया केली नाही, हे तुम्हीच सांगितलेत. मोबाईल कोणी दिला?"

कपिलने मान खाली घातली. "ऋतिकनं."

"मला तीच शंका होती. ढेकूण एका खोलीत एकालाच, तेही फक्त हातांना चावत नाहीत. केवळ चट्टे हा पुरावा नव्हे. पण होळीपासून घरी न गेलेल्याच्या हाताला कापसातली कीड लागणार कशी? सुरभीचे हात मात्र स्वच्छ होते."

"पण भाऊच का?" नीळकंठराव गोंधळले.

"पोरं म्हणत, तुही बहीण आता वरातीत वाजन!" ऋतिक उसळला. "म्हणून कपिलले म्हटलं, गाणं वाजू दे, तिचं नाव नको."

निकिता त्याच्यासमोर उभी राहिली. "त्या कंबरेच्या गाण्यावर तू हरेक वरातीत नाचला. तवा ती कोणाची बहीण हाय, इचारलं काय रे?"

ऋतिक खाजवायचा थांबला.

नीळकंठरावांनी कपिलकडून मोबाईल आणि लेखी कबुली घेतली. निकिताने सुरभीचा हात धरला, दुसऱ्या हाताने माईक ओढला.

"तुह्या नावाची आरोळी गाण्यातून काढून टाक," तिने कपिलला बजावले. "अन् तिथं ही घाल: निकिता, राळेगाव!"

या वेळी आवाज पत्र्याला धडकून तीनदा घुमला. तो कमी करायची कपिलची हिंमत झाली नाही.